यकृताच्या बाजूने

आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये एका शब्दाला बंदी होती. ‘ठीक’ हा तो शब्द. बंदीचा फलक नव्हता, पण कुणी चुकून बोललंच, तर टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूने, हिरव्या पडद्याच्या वरून दोन डोळे उगवायचे आणि प्रश्न यायचा, “कोण ठीक?”

“पेशंट ठीक आहे, मॅडम.”

“पेशंट म्हणजे कोण? बोट ठीक, हृदय ठीक की यकृत ठीक? नाव घेऊन बोला.”

या डॉक्टर यमुना घरत. भूलतज्ज्ञ. पेण तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावात जन्मल्या, मुंबईत शिकल्या, आणि मी त्यांना ओळखू लागले तेव्हा पेणच्या रामवाडीत आईसोबत राहत होत्या. पनवेलच्या अलीकडच्या ज्या मोठ्या रुग्णालयात मी भूलविभागात तंत्रज्ञ म्हणून काम करते, तिथे यकृताच्या मोठ्या शस्त्रक्रिया होतात. त्या शस्त्रक्रियांना भूल देणं हे मॅडमचं काम होतं. भूल देणं म्हणजे झोपवणं, असं लोकांना वाटतं. मॅडमची आईही तसंच म्हणायची, “माझी यमी लोकांना निजवते आनि घरात आम्हाला निजू देत नाय.” पण झोपवणं हे त्या कामातलं सगळ्यात सोपं. झोपलेल्या माणसाला बोलता येत नाही. त्याच्या वतीने बोलणारं कुणीतरी तिथे लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे आपण, अशी मॅडमची समजूत होती. समजूत कसली, हट्टच.

मी रोह्याची. वडील केमिकल कंपनीत कामगार आणि युनियनचे कार्यकर्ते. आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे होते, मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. त्यामुळे ‘मालकांच्या मते सर्व सुरळीत आहे’ अशा वाक्याचा संशय माझ्या अंगातच आहे. मॅडमना हे पहिल्याच आठवड्यात कळलं. तेव्हापासून मी ‘पत्रकवाली’. सकाळी टोपी चढवता चढवता त्या विचारायच्या, “काय गो पत्रकवाले, आज कुणाचा निषेध?” आणि मी नाव सांगितलं की म्हणायच्या, “कर. पण आधी नळ्या तपास.”

दिसायला त्या ठेंगण्या, रुंद हाडाच्या. आवाज मात्र खाडीच्या या तीरावरून त्या तीरावर हाक मारणाऱ्यांचा. थिएटरमध्ये तो दाबून धरताना त्यांना कष्ट पडायचे. डब्यात वर्षाचे कितीतरी महिने वालाचं बिरडं असायचं आणि ते कुणी नको म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. पेणहून यायला त्या एसटीच वापरायच्या. गाडी घेण्याचा विषय निघाला की म्हणायच्या, “एसटीत माणसं आजार सांगतात. गाडीत कोण सांगणार, स्टिअरिंग?” चिडल्या की त्यांच्या बोलण्यातला ‘ण’ जायचा आणि ‘न’ यायचा. ‘कोण म्हणालं’चं ‘कोन म्हनला’ झालं की आम्ही समजायचो, आता वाटेतून बाजूला व्हावं.

त्यांचं भांडण नेमकं कशाशी होतं ते सांगितल्याशिवाय त्या कळणार नाहीत, म्हणून ते सांगते.

यकृतातली गाठ काढायची, तर यकृताचा मोठा भाग कापून काढावा लागतो. यकृत रक्ताने भरलेलं असतं. कापताना रक्तस्राव फार होऊ नये म्हणून शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर यकृतात येणारं रक्त चिमट्याने काही मिनिटं अडवतात. मग सोडतात, पुन्हा अडवतात. त्या अडवलेल्या मिनिटांत यकृताला प्राणवायू मिळत नाही. ते उपाशी राहतं. निरोगी यकृत ते सोसतं. आजारी, थकलेलं यकृत किती सोसेल, हे कुणी खात्रीने सांगू शकत नाही. आणि कापल्यानंतर जो भाग उरतो, त्याच्यावरच माणसाला पुढचं आयुष्य काढायचं असतं.

आता गंमत बघा, गंमत कसली, अन्यायच. शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाच्या बोटाला चिमटा लावलेला असतो. रक्तात प्राणवायू किती, ते तो दाखवतो. यकृताचा रक्तपुरवठा पूर्ण बंद असला तरी बोटावरचा आकडा अगदी उत्तम असतो. कारण बोटाला रक्त मिळतंय. पडद्यावर हिरवे आकडे, शांत टिकटिक, सगळे खूश, आणि आत यकृत गुदमरतंय. माझ्या वडिलांच्या कंपनीत वायू मोजण्याचं यंत्र गेटजवळ होतं आणि माणसं आतल्या शेडमध्ये खोकत होती. मॅडमना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “तुझ्या बापाला माझा नमस्कार सांग. माझं म्हणणं त्याला आधीच कळलंय.”

रुग्णालयात एक यंत्र होतं, हृदयाच्या शस्त्रक्रियेत मेंदूचा प्राणवायू बघण्यासाठी आणलेलं. त्याच्या चपट्या पट्टीतून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश आत जातो. रक्तात प्राणवायू किती उरलाय त्यानुसार परत येणारा प्रकाश बदलतो, आणि पडद्यावर आकडा उमटतो. मॅडमनी रुग्णालयाच्या समितीची परवानगी मिळवली आणि तीच पट्टी निर्जंतुक पिशवीत घालून थेट यकृताच्या उरणाऱ्या भागावर ठेवायला सुरुवात केली. बोटाचा आकडा बोटासाठी, यकृताचा यकृतासाठी.

आणि पहिल्याच महिन्यात त्या तोंडघशी पडल्या.

शस्त्रक्रिया डॉक्टर सबनीसांची होती. सबनीस पुण्याचे. हात इतका सफाईदार की बघत राहावं, बोलणं इतकं सभ्य की टोमणा लागल्याचं घरी गेल्यावर कळावं. कापणं ऐन भरात असताना यकृताचा आकडा एकदम घसरला. मॅडम ओरडल्या, “थांबा!” सबनीस थांबले. चिमटा काढला, यकृत पाहिलं, नळ्या पाहिल्या. काहीच नाही. मग लक्षात आलं, की कुणीतरी वरचा मोठा दिवा फिरवला होता आणि त्याचा झोत सरळ पट्टीवर पडत होता. बाहेरचा प्रकाश आत शिरला आणि यंत्र गोंधळलं.

“घरत मॅडम,” सबनीस मास्कच्या आतून म्हणाले, “यकृताला बहुधा ऊन लागलं असावं.”

सगळे हसले. त्या नाही हसल्या. म्हणाल्या, “चूक माझी. दिवा मी बघायला हवा होता. सगळ्यांची माफी मागते. पुढे चला.” आणि उरलेल्या शस्त्रक्रियेत त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

पण त्या दिवसानंतर यंत्राचं नाव ‘मॅडमचं खेळणं’ पडलं. प्रशासनातल्या एका गृहस्थांनी तर विचारलं, की बोटाचं यंत्र असताना हे दुसरं कशाला? मी संतापले. एक जळजळीत पत्रक लिहून सूचनाफलकावर लावायचं ठरवलं आणि मसुदा मॅडमना दाखवला. त्यांनी तो बिरडं खाता खाता वाचला.

“भाषा झकास आहे. पण यात माझा दिवा कुठे आहे?”

“दिवा?”

“माझी चूक झाली ती लिहिली नाहीस. चूक लपवून केलेला निषेध मला नको. आणि पत्रकाने काय होईल गो? सबनीस सर वाचतील आणि व्याकरण सुधारून देतील.”

पत्रक डब्याखाली गेलं. त्याऐवजी त्यांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. रोज काम संपल्यावर त्या पट्टी स्वतःच्या हातावर बांधून दिव्याखाली बसू लागल्या. कोणत्या कोनातून प्रकाश आला की आकडा बिघडतो, वर काळं कापड टाकलं तर काय होतं, पट्टी सरकली तर आकडा कसा पडतो आणि खरंच प्राणवायू कमी झाला तर कसा, हे सगळं त्यांनी घोकून काढलं. मलाही बसवलं. डॉक्टर नाझनीनलाही. नाझनीन ही त्यांच्या हाताखाली नवीन आलेली भूलतज्ज्ञ. हुशार, आणि आवाज इतका मऊ की शेजारी उभं राहूनही पुन्हा विचारावं लागे. मॅडम तिला म्हणायच्या, “नाझनीन, तू यकृताच्या बाजूची वकील आहेस. वकील कुजबुजत नाहीत.”

मग एक दिवस चहाच्या खोलीत त्यांनी सबनीस सरांना गाठलं.

“सर, जरा बाही वर करा.”

“रक्तदाब बघताय? मला काही त्रास नाही.”

“तेच बघायचंय.”

एका हाताच्या बोटाला त्यांनी नेहमीचा चिमटा लावला. दुसऱ्या हाताला कोपराखाली ती पट्टी, वर काळं कापड. आणि त्याच दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून भरपूर हवा भरली, हाताचा रक्तपुरवठा थांबेल इतकी. बोटावरचा आकडा हलला नाही. पट्टीवरचा आकडा खाली सरकू लागला. आम्ही सगळे कप हातात घेऊन बघत होतो.

“घरत मॅडम, हात बधिर झाला माझा.”

“असं कसं? आकडा बघा ना बोटाचा. उत्तम आहे. सर, तुम्ही ठीक आहात.”

“अहो मॅडम, दुखतंय!”

“तुम्ही बोलू शकता म्हणून सांगताय. यकृत काय करील?”

त्यांनी हवा सोडली. पट्टीवरचा आकडा भराभर वर आला. सबनीस हात चोळत राहिले. माणूस अहंकारी असला तरी अप्रामाणिक नव्हता, हे मला इथे लिहिलंच पाहिजे. ते म्हणाले, “बरं. तुमची अट काय?”

“अट एकच. दिवा, कापड, पट्टीची जागा, हे मी आधी बघेन. ते बघूनही आकडा पडत असेल, तर मी ‘थांबा’ म्हणेन. मी म्हटलं की हात थांबला पाहिजे. वाद नंतर.”

“आणि हाक खोटी निघाली तर?”

“तर मी माफी मागेन, सगळ्यांसमोर. मागितलीच आहे एकदा. पण यकृत मेलं तर त्याची माफी कुणी आणि कुणाकडे मागायची, ते तुम्ही सांगा.”

सबनीसांनी मान हलवली. पूर्ण होकार नव्हता तो. कसोटी लागायची होती.

कसोटी आली ती कासूहून. धर्माजी ठाकूर, खाडीलगतची भातशेती कसणारा माणूस. यकृताच्या उजव्या भागात गाठ, आणि उरणारा डावा भाग आकाराने बेताचाच. मॅडम आठवड्यातून एकदा मला सोबत घेऊन रोह्याच्या दवाखान्यात शस्त्रक्रियेआधीची तपासणी करायच्या, म्हणजे लोकांना उगाच लांब यायला नको. धर्माजी तिथे आला बायकोला घेऊन. बारकीबाई तिचं नाव, पण अंगाने नवऱ्याच्या दुप्पट आणि बोलण्याने तिप्पट.

मॅडमना समजावून सांगायची हौस फार. आपल्याच भागातली माणसं म्हटल्यावर तर रंगातच आल्या. म्हणाल्या, “धर्मादादा, तुमच्या बांधाला उघाडी असते ना, खाडीचं पाणी आतबाहेर करायला? तिला फळी घालून पाणी अडवता, तसं आम्ही यकृतात येणारं रक्त अडवणार. काम झालं की फळी काढणार.”

दोघांनी माना डोलावल्या. मॅडम खूश. मग त्यांनी शस्त्रक्रियेचा दिवस सांगितला. बारकीबाईने बोटांवर हिशेब केला आणि म्हणाली, “त्या दिशी नाय जमाचा.”

“का वैनी?”

“अमावस हाय. उधान असतं.”

“उधाण खाडीला, वैनी. हा दवाखाना आहे.”

“आता तूच तं बोललीस बाय! रगत म्हंजे खारीचा पानी, आनि तुमी घालनार फली. उधानाला फली टिकली हाय काय कदी? सगला बांध घेऊन जातं.”

“बरोबर बोलते ती,” धर्माजी म्हणाला. “आमचा बांध फुटून खांड परली ती उधानालाच. फली कुठं गेली ती आजून गावली नाय.”

मॅडमचं तोंड उघडं राहिलं. खरं सांगायचं तर मला हसू आवरत नव्हतं. तारीख पुढे ढकलणं सोपं होतं. सबनीसांना एक फोन केला असता तर झालं असतं. पण मॅडम ते करणाऱ्या नव्हत्या. गाठ पंचांग बघून वाढत नाही, आणि आज अमावास्येसाठी थांबलो तर उद्या पौर्णिमेसाठी थांबावं लागेल.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “वैनी, चूक माझी. मी नको ती उपमा दिली. चंद्राचं आणि रक्ताचं काय नातं नाय. रक्त चंद्र बघून चढत नाय. शपथ घेऊ काय?”

बारकीबाईचा चेहरा दगड.

“बरं, मला एक सांगा. उधानाच्या दिवशी तुमी काय करता?”

“बांधावर जातो. करनार काय?”

“कोन कोन?”

“सगला गाव.”

“झोपतो कोनी?”

“झोपल कसा? नजर हलली की पानी आत.”

“मग ऐका. चंद्र त्याच्या जागी. पन त्या दिवशी तुमी जशा बांधावर असता, तशी मी धर्मादादाच्या उशाशी. सुरुवातीपासून शेवटापर्यंत. नजर हलवनार नाय.”

बारकीबाईने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “मुताया पन जानार नाय?”

“नाय.”

“मंग सकालपासून पानी पिऊ नको.”

“नाय पित.”

“चा?”

“चा पन नाय.”

“मंग करा,” बारकीबाई म्हणाली, आणि धर्माजीने कागदावर सही केली.

परतताना एसटी कोलाडला थांबली. मॅडम भजी आणायला उतरल्या आणि पुडी घेऊन आल्या त्या गंभीर होऊनच. म्हणाल्या, “आजपासून उपमा बंद. सरळ सांगायचं. रक्त म्हणजे रक्त, यकृत म्हणजे यकृत. सोपं करून सांगायच्या नादात मी त्या बाईच्या डोक्यात पूर आणला.” त्यानंतर त्यांनी खरोखरच कुणाला उघाडी, फळी, बांध सांगितलं नाही. वेळ जास्त लागायचा, पण त्या रुग्णाला चित्र काढून, नळीनळीचं नाव घेऊन सांगायच्या.

अमावास्येच्या दिवशी मॅडम आल्या त्या कोरड्या ओठांनी. मी चहा पुढे केला, तर कप नुसता बाजूला सरकवला.

शस्त्रक्रिया लांबणार हे ठाऊक होतंच. पोट उघडलं, पट्टी यकृताच्या डाव्या भागावर बसली, वर काळं कापड आलं. सबनीसांनी रक्त अडवलं की यकृताचा आकडा खाली यायचा, सोडलं की वर चढायचा. मॅडम दर खेपेला तो मोठ्याने वाचत होत्या. एकदा तो नीट वर येईना, तर म्हणाल्या, “अजून थोडं सोडून ठेवा.” सबनीस थांबले. आकडा आला. पुन्हा कापणं सुरू झालं. माझं काम नळ्या आणि औषधं बघायचं, पण माझे डोळे मधून मधून त्या पडद्याकडे जात होते.

गाठीसकट उजवा भाग बाहेर आला. रक्तस्राव बेताचा. उरलेलं यकृत छान गुलाबी. चिमटा शेवटचा निघाला, आकडा वर आला आणि खोलीत सगळ्यांचे खांदे खाली आले. कुणीतरी गाणं लावा म्हणालं. सबनीसांनी पोट शिवायची तयारी सुरू केली.

मॅडम मात्र स्टुलावर बसल्या नाहीत. पट्टी अजून काढू दिली नव्हती. शिवायच्या आधी काढूच, पण यकृत आपल्या जागी बसेपर्यंत राहू दे, असं त्यांचं म्हणणं.

आणि आकडा उतरू लागला. धाडकन नाही, हळूहळू, भरलेल्या टाकीला बारीक गळती लागावी तसा. रक्तदाब चांगला. बोटाचा आकडा उत्तम. हृदयाची टिकटिक एकसारखी. मॅडमनी दिवा बघितला. कापड बघितलं. सबनीसांच्या सहायकाला पट्टी दाबून धरायला सांगितली. आकडा उतरतच होता.

“थांबा.”

आवाज मोठा नव्हता. सबनीसांच्या हातात सुई होती.

“मॅडम, संपलंय आता. रक्त सोडलेलं आहे. पट्टी सरकली असेल.”

“सरकली नाय. थांबा.”

“यकृतात रक्त येतंय, मला दिसतंय—”

“सर, कोन ठीक हाय ते मला सांगू नका. ‘न’ आलाय माझ्या तोंडात, ऐकताय ना? हात थांबवा आनि यकृत उचलून बघा.”

तो क्षण मी विसरू शकत नाही. सबनीसांना ती खोटी हाक आठवत असणार, आम्हा सगळ्यांनाच आठवत होती. धर्माजीचं पोट उघडं होतं. बाहेर बाकावर बारकीबाई बसली होती. आणि आत ठेंगणी बाई हिरव्या पडद्यापलीकडून बघत होती. तिच्या बाजूला एका आकड्याशिवाय काही नव्हतं.

सबनीसांनी सुई ठेवली. दोन्ही हात आत घालून उरलेलं यकृत अलगद उचललं.

आकडा वर चढू लागला.

त्यांनी यकृत खाली ठेवलं. आकडा उतरू लागला. पुन्हा उचललं, पुन्हा वर. मग सबनीसांनी वाकून बघितलं आणि हलक्या आवाजात सांगितलं, की उजवा भाग काढल्यामुळे बाजूला मोकळी जागा झाली आहे, डावा भाग त्या जागेत कलंडतोय, आणि कलंडला की त्यातून रक्त बाहेर नेणारी शीर पिळली जातेय. रक्त आत येत होतं, पण बाहेर जायला वाट नव्हती. आत तुंबत होतं. डोळ्यांना कळायला अजून वेळ लागला असता. पोट शिवल्यावर तर कुणालाच दिसलं नसतं.

यकृत सरळ ठेवून त्यांनी ते पोटाच्या आतल्या पडद्याला टाके घालून जागेवर बसवलं. मग हात काढून घेतले आणि म्हणाले, “आकडा?”

मॅडमनी वाचला. वाचून झाल्यावर आणखी बराच वेळ वाट बघितली. आकडा हलला नाही. मग म्हणाल्या, “यकृत चांगलं आहे. बोटही चांगलं आहे. शिवा.”

पुढचे दिवस अवघड होते. उरलेलं यकृत थोडंसं, त्याने काम उचललं नाही तर डोळे पिवळे होतात, माणूस भ्रमिष्ट होतो. मॅडम रोज अतिदक्षता विभागात जाऊन धर्माजीच्या पापण्या खाली ओढून बघायच्या. एका सकाळी त्याने त्यांना विचारलं, “डाक्टरबाय, भात लावाया मी कवा जाऊ?” तेव्हा त्यांनी पापण्या सोडल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. माणूस शेताची चौकशी करतोय म्हणजे डोकं जागेवर आहे.

बारकीबाईने मात्र आभार मानले नाहीत. तिने एवढंच विचारलं, “मधी कुटं गेली नव्हतीस ना गो?”

“नाय.”

“मंग बरा,” ती म्हणाली आणि पिशवीतून सोललेल्या वालांचं पुडकं काढून त्यांच्या हातात ठेवलं.

त्यानंतर यंत्राला ‘खेळणं’ म्हणणं बंद झालं. सबनीस स्वतःच शस्त्रक्रियेच्या सुरुवातीला विचारू लागले, “पट्टी कुठे आहे?” मला वाटलं लढाई जिंकली. मी मॅडमना तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, “कसली जिंकली? परवा मी रजेवर होते. नाझनीनने दोनदा ‘सर, जरा थांबता का’ म्हटलं. सर थांबले नाहीत, म्हणजे त्यांनी ऐकलंच नाही. नशीब, त्या दिवशी काही झालं नाही. म्हणजे ते माझ्यासाठी थांबतात गो, यकृतासाठी नाही. मी मेले की यकृत पुन्हा बेवारस.”

हे त्यांना फार लागलं. थोड्याच दिवसांत त्यांनी नोकरी सोडत असल्याचं सांगितलं. दूरच्या एका जिल्ह्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवायला जाणार होत्या. आईलाही नेणार होत्या. मी भांडले. म्हणाले, इथली माणसं वाऱ्यावर सोडून जाणं हे पळणं आहे. माझी सगळी पत्रकी भाषा मी त्यांच्यावर ओतली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

“झालं? आता मी बोलते. मी एकटी किती टेबलांशी उभी राहणार? थांबा म्हणणाऱ्या दहा पोरी तयार केल्या तर? तू लिहितेस ना, मग तुला कळायला पाहिजे. एकच माणूस ओरडत राहिला तर लोक त्याचा आवाज ओळखतात. म्हणणं ओळखत नाहीत.”

मी नळ्या तपासायला घेतल्या.

त्यांच्या शेवटच्या दिवशी सबनीसांची एक मोठी शस्त्रक्रिया होती. मॅडमनी सकाळीच जाहीर केलं, “आज टेबलाशी नाझनीन. मी पाहुणी.” आणि त्या दाराजवळ, भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. रुग्ण नागोठण्याकडची एक तरुण बाई होती. कापणं निम्म्यावर आलं होतं. रक्त सोडलं, पण यकृताचा आकडा वर यायला तयार नव्हता. नाझनीनने दिव्याकडे पाहिलं. कापड नीट केलं. पट्टी तपासली. सबनीसांनी चिमटा पुन्हा लावायला हात पुढे नेला.

“थांबा,” नाझनीन म्हणाली.

मऊच आवाज. सबनीसांचा हात अर्ध्यावर होता, मान मात्र वर झाली, आणि त्यांची नजर नाझनीनला ओलांडून दाराकडे गेली, मॅडमकडे. एक मान हलवणं पुरलं असतं. तेवढ्याचीच ते वाट बघत होते.

मॅडमनी मान खाली घातली आणि डोळे मिटून घेतले.

त्या बाईचं यकृत उघड्यावर होतं आणि मॅडम डोळे मिटून उभ्या होत्या. त्यांच्या मुठी आवळलेल्या मला दिसत होत्या. त्या डोळे उघडणार, आता बोलणार, असं मला वाटलं.

“सर,” नाझनीन म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज खोलीच्या चारही भिंतींना लागला, “मी सांगतेय. थांबा.”

सबनीसांनी दारावरची नजर काढून तिच्याकडे बघितलं. मग चिमटा खाली ठेवला.

“थांबलो, डॉक्टर,” ते म्हणाले. “सांगा.”

मी दाराकडे वळून बघितलं तेव्हा दार आपल्या जागी येऊन हलत होतं. त्याच्या गोल काचेतून मॅडमची पाठ दिसली. त्या मास्क सोडत लांब लांब पावलं टाकत निघाल्या होत्या, दुसरीकडे कुठे तरी तातडीचं काम असल्यासारख्या.